आयसीयूत ऐकलेली ब्रेतॉन गाणी

मुंग्या

त्या उन्हाळ्यात माझं पोट बिघडलं होतं. ताक-भात खाऊन बरी झाले आणि पुन्हा कामावर जायला लागले. मी अंबत्तूरला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होते. माझा नवरा श्रीकांत संरक्षण खात्याच्या कारखान्यात. मिरजेहून येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. अण्णा नगरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मुलगी मुग्धा नववीत.

आठवड्याभरानं पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मांडी घालून बसल्यावर येतात तशाच, फक्त त्या जाईनात. दुसऱ्या दिवशी शेअर ऑटोत चढताना पाय वर उचलेना. आतल्या एका बाईनं तमिळमध्ये "पात्तु, पात्तु", जपून, जपून, म्हणत दंडाला धरून मला ओढून घेतलं. संध्याकाळी घरी आले आणि पहिल्या मजल्यापर्यंत चढून पायरीवर बसले. उठता येईना.

मुग्धा फ्रेंचच्या शिकवणीहून परत आली. दप्तर खांद्यावर, कानात वायर.

"आई, तू इथे का बसलीयेस?"

"दमले गं. तू जा, मी येते."

ती गेली नाही. माझ्या शेजारी बसली. माझ्या मांडीवर हात ठेवला तेव्हा मला तो हात नीट जाणवला नाही. गरम पाण्याचं पातेलं फडक्यातून धरावं तसं वाटलं.

हातोडी

हॉस्पिटलात मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. मग कोपरावर, मनगटावर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नंतर पाठीतून पाणी काढलं आणि दुपारी आम्हाला बसवून सांगितलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटली आहे. त्या आजाराचं नाव कुणा फ्रेंच डॉक्टरांवरून आहे.

"गिलन-बार," ते म्हणाले.

"गियाँ-बारे," मुग्धा हळूच म्हणाली. डॉक्टर हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

"बहुतेक जण बरे होतात," ते म्हणाले. "पण हे पायापासून वर चढत जातं. कुठे थांबेल ते आज सांगता येणार नाही."

श्रीकांतनं विचारलं, "म्हणजे वर कुठपर्यंत?"

डॉक्टरांनी मुग्धाकडे पाहिलं. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला, मग तोच हात गालापर्यंत नेला.

श्रीकांत मला म्हणाला, "काही होणार नाही." तो हे वाक्य पुढे इतक्या वेळा म्हणाला की मला त्या वाक्याचीच भीती वाटायला लागली. त्यानं ते म्हटलं, की मी समजायची, आज काहीतरी झालंय.

वॉर्डातल्या डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन मला एका श्वासात अंक मोजायला लावायच्या. मी मराठीत मोजायचे. सकाळी जिथवर पोचले होते, संध्याकाळी त्याच्या अर्ध्यावर श्वास संपला. मी म्हटलं, पुन्हा मोजते, मघाशी नीट घेतला नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला. पाण्याचा घोट गिळायला गेले तर तो नाकातून बाहेर आला. त्यानंतर सगळं फार भराभर झालं. पलंग ढकलत नेताना छतावरचे दिवे जात होते आणि श्रीकांतचा हात माझ्या हाताला लागलेला दिसत होता. तो मला कळत नव्हता.

इल्ले

व्हेंटिलेटरवर माणूस बेशुद्ध असतो असं मला आधी वाटायचं. मी सुरुवातीचे काही दिवस गुंगीत होते, नंतर पूर्ण जागी होते. हात, पाय, मान, जीभ, काहीच हलत नव्हतं. पापण्या तेवढ्या, त्याही अर्ध्या. गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घातली होती, त्यामुळे आवाज नाही. कान मात्र शाबूत होते.

ज्यांच्या घरचं कुणी असं पडलं आहे त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे, म्हणून स्पष्ट सांगते. दुखण्याचा त्रास होता, नाक खाजलं तरी खाजवता येत नाही याचा होता. पण सगळ्यात मोठा त्रास ऐकू येण्याचा होता.

माझं तमिळ भाजीवालीपुरतं आणि बसपुरतं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून लोक बोलायचे तेव्हा मला त्यातले एकेक शब्द कळायचे. "पार्प्पोम", म्हणजे बघू. काय बघू? "इल्ले", म्हणजे नाही. काय नाही? आशा नाही? रक्त नाही? की संध्याकाळच्या पाळीची सिस्टर आलेली नाही? एक शब्द घेऊन मी तासन्‌तास त्याच्याशी झुंजायची. एकदा डॉक्टर शेजारच्या पलंगाकडे बघून काही बोलले आणि मला वाटलं माझ्याबद्दलच बोलले. माझ्या हृदयाचे ठोके वाढले, यंत्र किंचाळायला लागलं, माणसं धावत आली, आणि ती धावत आली म्हणून मी आणखी घाबरले.

यंत्र स्वतःच्या लयीत माझ्या छातीत हवा भरायचं आणि काढून घ्यायचं. मला हवा हवी असायची तेव्हा ती यायची नाही. नको असायची तेव्हा यायची. मी वाट बघायची. दर श्वासाला मला वाटायचं, आता ते विसरलं.

कॅसेट

सासूबाई मिरजेहून आल्या. त्यांना मी आईच म्हणते. त्यांनी एक छोटा टेपरेकॉर्डर आणला आणि माझ्या उशीपाशी स्तोत्रांची कॅसेट लावली.

आईंचा हेतू चांगला होता हे तेव्हाही मला कळत होतं. पण माझे वडील गेले त्यांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी अशीच स्तोत्रं अखंड चालू होती. ते गेल्यावरच कुणीतरी हात लांब करून ती बंद केली होती. कॅसेटचा पहिला सूर आला आणि मला वाटलं, घरातल्यांना काहीतरी कळलं आहे. माझी पाळी आली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बघ श्रीकांत," आई म्हणाल्या, "पोचतंय तिच्यापर्यंत."

त्या रोज येऊन कॅसेट लावायच्या. मी रोज रडायची. त्यांना रोज समाधान वाटायचं.

मग एका दुपारी मुग्धा तिचा सीडी वाजवायचा वॉकमन घेऊन आली. त्याला दोन लहान स्पीकर जोडले होते. फ्रेंच शिकवणाऱ्या सेलीन मिस मूळच्या पाँडिचेरीच्या. त्यांना आजाराचं नाव कळल्यावर त्यांनी आपल्याजवळची एक सीडी मुग्धाकडे दिली होती.

"मिसनी दिलीय. आईला ऐकव म्हणाल्या," मुग्धा म्हणाली. "फ्रेंच नाहीये ही. फ्रान्समध्ये समुद्राच्या कडेला ब्रिटनी म्हणून भाग आहे ना, तिथली. ब्रेतॉन. केल्टिक भाषा आहे. फ्रेंच लोकांनापण कळत नाही."

गाणं सुरू झालं. एका बाईचा आवाज, सोबत वाद्य नाही. भरदार, थोडा घोगरा, पन्नाशीच्या पुढची वाटावी अशी बाई.

"हे काय रडगाणं लावलंयस?" आई म्हणाल्या. "आजारी माणसाजवळ असलं परकं काहीतरी लावतात का? श्रीकांत, सांग हिला."

श्रीकांत दमला होता. कारखाना, हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. "मुग्धा, राहू दे. आजीचं लाव."

"पण आई रडते त्यानं."

"भक्तीनं रडते ती," श्रीकांत म्हणाला.

"तुला काय माहीत?" मुग्धाचा आवाज चढला. सिस्टर शीबा पडदा सारून आली आणि बोटानं गप्प राहायची खूण केली.

माझ्या पायांना व्यायाम देणारे राव तिथे माझा घोटा हातात धरून उभे होते. पंचेचाळिशीचे, चष्मा, कपाळावर गंधाची बारीक रेघ. सिस्टरशी ते नेहमी तमिळमध्ये बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ते मराठी बोलले.

"त्यांसच विचारा कीं," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. "आम्ही तंजावरचे," ते म्हणाले. "घरांत हेंच बोलतों." मग माझ्या डोळ्यांसमोर येऊन वाकले. "अक्का, भिऊं नका. तुम्हांस अस्कें ऐकूं येतें, मला ठाऊक आहे." अस्कें म्हणजे सगळं, हे मला न सांगता कळलं. "होय म्हणावयाचें तर डोळे एकदां मिटा. नको तर दोनदां. ही कॅसेट हवी काय?"

माझ्या पापण्या जड झाल्या होत्या. मी मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या.

आईंचा चेहरा मला दिसला. त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर काढून गुंडाळली, तो पिशवीत ठेवला आणि बाहेर गेल्या. त्यांना किती लागलं असेल ते मला कळत होतं, आणि का नको ते सांगायला माझ्याकडे दोनच शब्द होते, हो आणि नाही.

"मग हें गाणें?" रावांनी विचारलं.

मी डोळे एकदा मिटले. खरं सांगायचं तर मला ते गाणं आवडलं होतं असं नाही. ते मला कळत नव्हतं, एवढंच पुरेसं होतं. त्या खोलीतल्या प्रत्येक शब्दात मी माझं मरण शोधत होते. त्या बाईच्या शब्दांत शोधताच येत नव्हतं.

दोघी

आवड नंतर लागली, हळूहळू. दुपारी भेटायच्या वेळेत मुग्धा सीडी लावायची आणि माझ्या शेजारी बसून गणितं सोडवायची. कुठल्या गाण्यानंतर कुठलं येतं ते मला पाठ झालं. एका गाण्यात सनईसारखं एक वाद्य होतं, सनईपेक्षा कर्कश. सिस्टर शीबानं ऐकून विचारलं, "नादस्वरम?" आणि ते सुरू झालं की ती सलाईन बदलताना मान हलवायची. एक गाणं इतकं संथ होतं की शब्द पाण्यात ढकलल्यासारखे पुढे जायचे. एकात बाई मध्येच हसते आणि ते हसू तसंच ठेवलं आहे. ते हसू येणार म्हणून मी आधीपासून वाट बघायची. त्या पलंगावर यंत्राच्या पुढच्या श्वासाखेरीज मी कशाचीही वाट बघितल्याला किती दिवस झाले होते, ते तेव्हा लक्षात आलं.

भीती गेली नव्हती. सीडी संपली, मुग्धा गेली, की ती पुन्हा छातीवर येऊन बसायची. पण मध्ये तेवढा वेळ ती जरा बाजूला सरकून बसायची.

एका गाण्यानं मला कोड्यात टाकलं होतं. त्यात दोन बाया गात होत्या. पहिली ओळ म्हणायची, दुसरी तीच ओळ. पण मध्ये खंड पडतच नव्हता. दोघींनी श्वास कुठे घेतला तेच कळत नव्हतं. श्वास हा माझा त्या वेळचा एकच विषय होता, म्हणून ते मला खटकलं असावं.

सेलीन मिस एकदा भेटायला आल्या. इतरांसारख्या त्या पायथ्याशी उभ्या राहिल्या नाहीत, माझ्या तोंडाजवळ स्टूल ओढून बसल्या. नेमकं तेच गाणं चालू होतं.

"हे तिकडे नाचासाठी गातात," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "मी तिथे एक वर्ष शिकायला होते. पहिलीचे शेवटचे दोन-तीन शब्द दुसरी तिच्याबरोबर म्हणते आणि पुढे नेते. तेवढ्यात पहिली श्वास घेते. मग तिची पाळी. त्यामुळे गाणं तुटत नाही, नाचणाऱ्यांचे पायही थांबत नाहीत."

मी तेच ऐकू लागले. शेवटचे दोन-तीन शब्द दोघींचे. मग एक आवाज गळून पडतो, आणि अगदी कान दिला तर ती श्वास घेते ते ऐकू येतं.

यंत्र काढलं तेव्हा

हातांची बोटं आधी हलली. मग मनगट. डॉक्टर म्हणाले, आता यंत्रापासून सुटायचा सराव करू. सुरुवातीला थोडा वेळ यंत्र काढायचं, मग पुन्हा लावायचं.

लोकांना वाटतं, रोगी या दिवसाची वाट बघत असेल. मला तो दिवस नको होता. जे यंत्र विसरेल म्हणून मी इतके दिवस घाबरत होते, तेच काढणार म्हटल्यावर मी आणखी घाबरले.

पहिल्या वेळी त्यांनी यंत्राची नळी सोडवली आणि मला वाटलं, छातीवर कुणी उभं आहे. हवा आत येत होती पण पुरत नव्हती. घाम फुटला, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. मी डोळे दोनदा मिटले, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा. त्यांनी यंत्र लावलं.

श्रीकांत काचेबाहेर उभा होता. आत आला आणि मी त्या वाक्याची वाट बघितली. तो म्हणाला नाही. त्यानं स्टूलवर बसून माझा हात आपल्या कपाळाला लावला.

"मला भीती वाटते, वैशाली," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वाटते. आईला सांगता येत नाही, मुग्धाला सांगता येत नाही. तुला तर कसं सांगू?"

त्याच्या कपाळाचा घाम मला बोटांना लागला. मला तो जाणवला. मी डोळे एकदा मिटले. त्यानंतर आमच्यात काहीतरी सैल झालं. आम्ही दोघं घाबरलेलो होतो आणि ते दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या वेळी रावांनी डॉक्टरांना विचारून सीडी लावू दिली. त्या दोघींचं गाणं आलं की मी डोळे मिटेन आणि मगच नळी सोडवायची, असं मुग्धानं मला एकेक प्रश्न विचारून ठरवलं होतं. ते आलं. नळी सुटली. पुन्हा छातीवर तेच वजन. मी पहिलीचा आवाज धरला. तिचे शेवटचे शब्द आले, दुसरी तिच्यात मिसळली, पहिली थांबली. मी तिच्याबरोबर श्वास घेतला. कमी आला. पुढच्या वेळी पुन्हा घेतला. डोक्यात दुसरं काही नव्हतं, पुढची जागा कुठे येते तेवढंच. गाणं संपलं तेव्हा रावांनी मुग्धाला खूण केली आणि तिनं तेच पुन्हा लावलं.

"पुरे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी डोळे दोनदा मिटले.

गाण्यानं मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. औषधांनी झाले, डॉक्टरांमुळे, सिस्टर शीबामुळे, रावांमुळे झाले. नसा आपल्या वेळेनं परत आल्या. त्याच वॉर्डात माझ्याच आजाराचे एक गृहस्थ होते, त्यांचं हृदय एका सकाळी थांबलं. त्यांनाही चांगले डॉक्टर होते. पण त्या दुपारी घाबरून मी यंत्र परत मागितलं नाही ते त्या दोन बायांमुळे, हे मला माहीत आहे.

आईंशी बोलणं

गळ्याची नळी निघाल्यावर आवाज आला तो फाटका होता. पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलले ते आईंशी. त्या मोसंब्याच्या फोडी सोलत होत्या.

"आई, माझे बाबा गेले तेव्हा उशाशी स्तोत्रं लावलेली होती."

त्यांचे हात थांबले.

"आणि मी रोज लावत होते," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळणार?"

"मला वाटायचं, तुला बरं वाटतंय." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मीच घाबरले होते गं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि मला तेवढंच येत होतं."

त्यांनी फोड माझ्या तोंडात ठेवली. मी ती गिळली. नीट गिळली गेली.

हॉलमध्ये

घरी आले ती चाकाच्या खुर्चीतून. मग वॉकर, मग काठी. पावलं अजून बधिर होती. जमीन कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं लागायचं. मोरीतून बाहेर येताना दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडल्यावर चालायची इच्छाच गेली. रावांनी नेमून दिलेले व्यायाम मी करेनाशी झाले. सीडी तर घरी आल्यापासून लावलीच नव्हती. ती लावली की नळ्यांचा वास येईल असं वाटायचं.

एका रविवारी सेलीन मिस चहाला आल्या. मुग्धानं मला न विचारता सीडी लावली. मी तिला थांबवणार होते, तोवर ती बाई गायला लागली. वास आला नाही. हॉलच्या मोठ्या स्पीकरवर तिचा आवाज वेगळाच वाटला, एखादी बाई दार उघडून आत यावी तसा. बाल्कनीत कपडे वाळत होते. खाली इस्त्रीवाला कुणाशी तरी भांडत होता. मी मागे टेकून ऐकलं. ते हसू आलं तेव्हा मीही हसले.

मग दोघींचं गाणं आलं आणि मिस उठल्या. "हे बसून ऐकायचं नसतं," त्या म्हणाल्या. "सगळे ओळीत उभे राहतात. करंगळीत करंगळी अडकवायची आणि डावीकडे सरकायचं. बस, एवढंच."

त्यांनी मुग्धाच्या करंगळीत करंगळी अडकवली. मुग्धानं दुसरी करंगळी माझ्यापुढे धरली.

"मी पडेन," मी म्हटलं.

"हळू करू."

मी काठी सोफ्याला टेकवली आणि उभी राहिले. एका बाजूला मुग्धाची करंगळी होती, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं, आणि जायचं होतं त्याच बाजूला. मी फरशीकडे बघत होते.

आई कोपऱ्यात गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"मला नाही येत हे असलं," त्या म्हणाल्या. "पण तू पडलीस तर मला एकटीला उचलता यायचं नाही." आणि त्यांनी गवारीच्या रसानं हिरवी झालेली करंगळी माझ्या करंगळीत अडकवली.

मिस म्हणाल्या, "डावा." मी डावा पाय टाकला. फरशी लागली की नाही ते कळलं नाही, पण पाय राहिला. मग उजवा त्याच्याजवळ. मग पुन्हा डावा. आईंचं पाऊल चुकत होतं, मुग्धा हसत होती. आम्ही चौघी सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत सरकलो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि पडायची भीती पूर्णवेळ होती. एकदा तोल गेला. दोन्हीकडच्या करंगळ्या घट्ट झाल्या.

दाराशी पोचल्यावर मुग्धानं विचारलं, "बसतेस?"

गाणं अजून चालू होतं. मी म्हटलं, "थोडं थांब. संपू दे."